अपडेटनंतर वरच्या मजल्यावर तुटणारे वायफाय : पुण्यातील एका घराचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्याच्या पूर्व भागातील, लोहगाव विमानतळापासून फार दूर नसलेल्या एका रो-हाउसमधील आहे. तळमजला आणि त्यावर दोन मजले असे हे घर आहे. आजोबा तळमजल्यावर राहतात, मुलगा, सून आणि शाळकरी नातू पहिल्या मजल्यावर राहतात, आणि दुसऱ्या मजल्यावरची खोली ही सुनेची कामाची खोली आहे. ती आठवड्यातील चार दिवस घरून काम करते आणि तिच्या कामाचा मोठा भाग व्हिडिओ बैठकांमध्ये जातो. ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत, तांत्रिक तपशील मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत. मी या कुटुंबाचा शेजारी आहे आणि कार्यालयांमधील नेटवर्कची देखभाल हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे सहाव्या दिवशी हे प्रकरण माझ्याकडे आले.

घरात २०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. इंटरनेट कंपनीने दिलेली ओएनटी, म्हणजे फायबरची तार जिच्यात येते ती पेटी, तळमजल्यावर दूरदर्शन संचाच्या मागे आहे. जाड स्लॅब आणि विटांच्या भिंतींमुळे एकाच राउटरचा सिग्नल वर पोहोचत नव्हता, म्हणून सुमारे दीड वर्षापूर्वी मुलाने तीन नोडांचा, म्हणजे मिळून एकच वायफाय पसरवणाऱ्या तीन पेट्यांचा, वायफाय ६ प्रतीचा मेश संच घेतला. मुख्य नोड ओएनटीला तारेने जोडलेला होता. पहिल्या मजल्यावरचा नोड मुख्य नोडशी बिनतारी दुव्याने, आणि दुसऱ्या मजल्यावरचा नोड पहिल्या मजल्यावरच्या नोडशी तशाच दुव्याने जोडलेला होता. नोडांमधल्या या आपसातल्या दुव्याला बॅकहॉल म्हणतात. संच २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोनच बँडचा, म्हणजे लहरीपट्ट्यांचा, असल्यामुळे मोबाइल, लॅपटॉप आणि बॅकहॉल हे सगळे ५ गिगाहर्ट्झच्या एकाच चॅनलवर (पट्ट्यातल्या एका भागावर) दाटीवाटीने चालत असत. अशा साखळीत प्रत्येक टप्प्यावर वेग साधारण निम्मा होतो. तरीही वरच्या खोलीत चाळीस-पन्नास एमबीपीएस मिळत होते आणि बैठकांना ते पुरेसे होते, म्हणून दीड वर्षात कोणाची तक्रार नव्हती.

अडचण

जून महिन्यातील एका बुधवारी सकाळी सुनेच्या पहिल्याच बैठकीत आवाज तुटला, चित्र गोठले आणि तीन-चार मिनिटांनी सगळे आपोआप पूर्ववत झाले. दिवसभरात असे सहा-सात वेळा घडले. विशेष म्हणजे लॅपटॉपवर वायफायच्या पट्ट्या पूर्ण दिसत असत, जोडणी तुटल्याची सूचना येत नसे, फक्त काहीही पुढे सरकत नसे. त्याच वेळी तळमजल्यावर आजोबांच्या मोबाइलवर बातम्या विनाअडथळा चालू होत्या. ‘माझ्याकडे तर चालतंय की’ हे त्यांचे वाक्य पहिले दोन दिवस घरात थोड्या वैतागाने ऐकले गेले. पुढे कळले की तपासाच्या दृष्टीने त्या आठवड्यातील सर्वांत मोलाची माहिती तीच होती.

घरात दोन तर्क होते. आदल्या रविवारी विजांसह मोठा पाऊस झाला होता आणि बराच वेळ वीज गेली होती, त्यामुळे यंत्रांना धक्का बसला असावा, असे आजोबा आणि सून यांचे मत होते. मुलाला मात्र संचाच्या ॲपमध्ये ‘नवीन आवृत्ती बसवली आहे’ अशी सूचना दिसली होती. ती कोणत्या दिवशी आली हे त्याला आठवत नव्हते आणि ॲपमध्ये तारीख नव्हती. नव्या फर्मवेअरसोबतच्या (यंत्रातल्या मूळ सॉफ्टवेअरसोबतच्या) टिपणात एकच ओळ होती : स्थैर्यात सुधारणा.

पहिले पाच दिवस

गुरुवारी इंटरनेट कंपनीकडे तक्रार नोंदवली गेली. शुक्रवारी तंत्रज्ञ आला, त्याने फायबरची छोटी जोडतार बदलली आणि प्रकाशाची शक्ती मोजून दाखवली. ती उणे १९ डीबीएम होती. घरगुती फायबर जोडणीत ती साधारण उणे २७ पर्यंत घसरली तरी काम चालते, त्यामुळे तार उत्तम स्थितीत होती. ‘आमच्या बाजूने काही नाही’ असे सांगून तो गेला. ते खरे होते, पण सेवा देणाऱ्याचे हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की खरे असूनही त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही, आणि येथेही बसला नाही.

शनिवारी संध्याकाळी मुलाने तिन्ही नोड रीसेट करून संच नव्याने बसवला. प्रकरणातील सर्वांत महाग निर्णय हाच ठरला. रीसेटची कल्पना मुळात चुकीची नव्हती. चूक होती ती आधी काहीही टिपून न ठेवण्याची. आधीची सेटिंग काय होती, अपडेटने त्यातले काय बदलले आणि मुख्य नोडाच्या अंतर्गत नोंदवहीत चार दिवसांत काय काय नोंदले गेले, हे सगळे एका बटणासरशी पुसले गेले. अशा संचांतील नोंदवही बहुधा तात्पुरत्या स्मृतीत असते; साध्या पुनःप्रारंभानेही ती जाते. रीसेटनंतर जवळपास दोन तास सगळे सुरळीत चालल्यामुळे दुखणे गेले असे वाटले, आणि रात्री साडेनऊला वरचे नेट पुन्हा अडकले.

संच नव्याने बसवताना ॲपने वरच्या नोडासाठीही नवी आवृत्ती उपलब्ध असल्याचे विचारले होते. क्रिकेटचा सामना सुरू होता आणि अपडेटला दहा मिनिटे लागणार होती, म्हणून मुलाने ‘नंतर’ हा पर्याय निवडला. हे त्याने मला सोमवारी सांगितले, तेही मी विचारल्यावर.

रविवारी संच बनवणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राने पुन्हा रीसेट करण्याचा सल्ला दिला. जुनी आवृत्ती परत बसवता येईल का, या प्रश्नाला त्यांनी नकार दिला. सोमवारी सकाळी बैठक तिसऱ्यांदा तुटल्यावर सुनेने मला फोन केला.

अपडेट की वादळ

मी गेल्यावर पहिला प्रश्न यंत्रांकडे न पाहता विचारला : हे नक्की कोणत्या दिवशी सुरू झाले? वादळ आणि अपडेट यांत दोन दिवसांचे अंतर होते आणि दोन्ही तर्कांचे उपाय पूर्णपणे वेगळे होते. विजेच्या धक्क्याने नोड बिघडला असेल तर तो बदलावा लागणार. अपडेटमुळे असेल तर बदललेला नवा नोडही दुसऱ्या रात्री तेच फर्मवेअर घेऊन तसाच वागणार. घरातील प्रत्येकाची आठवण वेगळी होती, आणि वादळाची आठवण ठळक असल्यामुळे त्याकडे झुकणे स्वाभाविक होते.

उत्तर अनपेक्षित जागी मिळाले. घराच्या छतावर सौर पॅनेल आहेत आणि त्यांच्या इन्व्हर्टरला लावलेली वायफाय स्टिक दर काही मिनिटांनी वीजनिर्मितीचे आकडे पाठवते. ते ॲप कोणी रोज उघडत नाही. महिन्याअखेर बिलाशी ताळा करताना ते पाहिले जाते. आम्ही उघडले तेव्हा रविवारी पावसाचा दिवस असूनही नोंदी होत्या, सोमवारी होत्या, मंगळवारी सूर्यास्तापर्यंत होत्या, आणि बुधवारपासून आलेख कोरा होता. सौर इन्व्हर्टर रात्री झोपतो, त्यामुळे मंगळवारच्या संध्याकाळपासून बुधवारच्या सूर्योदयापर्यंत कधीतरी काहीतरी बदलले एवढे निश्चित झाले. संचाची आपोआप अपडेट होण्याची वेळ पहाटे दोन ते चार अशी ठरलेली होती. वादळ यातून बाहेर पडले.

याच कोऱ्या आलेखाने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी त्या दिवशी नीट ऐकली नाही. स्टिक शनिवारच्या रीसेटच्या आधीपासून बंद होती आणि ती अडकत अडकत चालत नव्हती, पूर्ण बंद होती. म्हणजे वरच्या मजल्याचे तुटणे आणि स्टिकचे बंद पडणे या कदाचित दोन वेगळ्या गोष्टी होत्या. मी मात्र पुढचे चार दिवस दोन्ही एकाच कारणाच्या खात्यावर टाकत राहिलो.

मोजमाप

सुनेच्या मंगळवारी दोन महत्त्वाच्या बैठका होत्या, त्यामुळे शांतपणे तपास करण्याइतकी सवड नव्हती. माझ्याकडची तीस मीटरची कॅट ६ प्रतीची नेटवर्क केबल आम्ही जिन्यातून सोडून मुख्य नोडापासून थेट तिच्या लॅपटॉपपर्यंत नेली. ती दिसायला वाईट होती आणि नातू दोनदा अडखळला, परंतु तिने एका दगडात दोन पक्षी मारले. सुनेचे काम सुरळीत सुरू झाले, आणि मंगळवारी दिवसभर तारेवरच्या लॅपटॉपची जोडणी एकदाही न तुटल्यामुळे इंटरनेट कंपनी, ओएनटी आणि मुख्य नोडाचा इंटरनेटकडचा भाग हे तिघेही संशयातून मुक्त झाले. तंत्रज्ञाचे वाक्य चार दिवसांनी खरे ठरले.

त्याच वेळी वरच्या खोलीत दुसरा, वायफायवरचा लॅपटॉप ठेवून त्यावर दोन खिडक्यांत सतत पिंग, म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटी हाक देऊन उत्तर किती वेळात येते हे मोजणे, चालू ठेवले : एक मुख्य नोडाच्या पत्त्यावर आणि एक ८.८.८.८ या सार्वजनिक पत्त्यावर, प्रत्येक ओळीसमोर वेळेची नोंद राहील अशा रीतीने. एवढे साधे साधन पुरेसे असते. फक्त बाहेरचा पत्ता अडकला तर दोष घराबाहेर किंवा ओएनटीत. घरातल्या मुख्य नोडाचाच पत्ता अडकला तर दोष घराच्या हवेत, म्हणजे बिनतारी दुव्यांत. येथे दोन्ही एकाच क्षणी अडकत होते. एरवी मुख्य नोडाचे उत्तर चार ते आठ मिलिसेकंदांत येत होते. अडकल्यावर आधी सुमारे दीड मिनिट उत्तरच नसे, मग दोन मिनिटे पाचशे ते दोन हजार मिलिसेकंदांची ओढाताण चाले आणि नंतर एकदम पूर्ववत होई. मंगळवारी सकाळी नऊ ते रात्री नऊ या वेळेत असे नऊ वेळा झाले.

रात्री मुख्य नोडाचे प्रगत पान ब्राउझरमध्ये उघडून नोंदवही पाहिली. ॲपमध्ये ती दिसतच नव्हती. कोणालाही काही बंद-चालू करू न देता आधी प्रत्येक पानाचे छायाचित्र घेतले. नऊपैकी आठ वेळांना एकच नोंद जुळत होती : चॅनल १०० वर रडार आढळले, चॅनल बदलले.

रडारची भानगड

येथे थोडे थांबून कारण समजावून सांगावे लागेल. वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडमधील काही चॅनल, ढोबळमानाने ५२ ते १४४, ही रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. तेथे वायफायला दुय्यम हक्क असतो. राउटरने ते चॅनल वापरण्यापूर्वी किमान एक मिनिट नुसते ऐकायचे, रडारसारखा स्पंद ऐकू आला तर सुमारे दहा सेकंदांत ते सोडायचे, आणि पुढची तीस मिनिटे तिकडे फिरकायचे नाही, असा दंडक आहे. त्याला डीएफएस म्हणतात. ३६ ते ४८ आणि १४९ च्या पुढची चॅनल या नियमातून मोकळी आहेत.

वायफायचा वेग चॅनलच्या रुंदीवर अवलंबून असतो. ८० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनल मोकळ्या भागात मावते. १६० मेगाहर्ट्झ रुंदीला मात्र नेहमीच्या मांडणीत दोनच जागा उरतात, ३६ ते ६४ आणि १०० ते १२८, आणि दोन्हींत रडारचा हिस्सा येतोच. थोडक्यात, १६० निवडणे म्हणजे रडारच्या शेजारी घर बांधणे. या संचात १६० ची सोय पहिल्यापासून होती. ती आधी बंद होती की नाही याचा कागदोपत्री पुरावा रीसेटमुळे गेला; पण आधीची दीड वर्षे शांत गेली आणि नव्या आवृत्तीच्या मूळ मांडणीत ती सुरू होती, एवढे आम्हाला दिसत होते.

आता मजल्यांचे कोडे सुटले. मुख्य नोडाने चॅनल सोडले की तळमजल्यावरचे मोबाइल क्षणात २.४ गिगाहर्ट्झवर जात आणि आजोबांना काही कळत नसे. वरच्या दोन नोडांचा बॅकहॉल मात्र त्याच चॅनलवर होता. मुख्य नोडाला नव्या जागी पुन्हा एक मिनिट ऐकत बसावे लागे, कारण दुसरी जागाही रडारच्याच हिश्श्यातली होती. दरम्यान वरचे नोड बॅकहॉल शोधत फिरत आणि मध्येच २.४ गिगाहर्ट्झच्या अरुंद वाटेवर येत. लॅपटॉप आणि वरचा नोड यांच्यातला सिग्नल या काळात उत्तमच असे, म्हणून पट्ट्या पूर्ण आणि नेट ठप्प.

लोहगावला नागरी विमानतळ आणि हवाई दलाचा तळ एकाच ठिकाणी आहेत, हे कळताच घरात सर्वांचे एकमत झाले की त्या रडारमुळेच हे झाले. मला ते तितके सरळ वाटले नाही. विमानतळांवरील नेहमीचे टेहळणी रडार पुष्कळदा २.७ ते २.९ गिगाहर्ट्झमध्ये चालतात, ५ गिगाहर्ट्झमध्ये नव्हे. शिवाय दुसऱ्या कसल्याही गोंगाटाला रडार समजण्याची चूक फर्मवेअरकडून होऊ शकते, आणि शोधण्याची संवेदनशीलता आवृत्तीगणिक बदलू शकते. खरे रडार की भास, याचा निकाल लावण्यासाठी लागणारी साधने आमच्याकडे नव्हती. सुदैवाने त्याची गरजही नव्हती, कारण दोन्ही शक्यतांचा उपाय एकच होता. ज्या प्रश्नाच्या उत्तराने कृती बदलणार नाही तो सोडून द्यायचा, हे मी ठरवले. आजोबा मात्र आजही रडारवर ठाम आहेत.

समोर असलेले मार्ग

बुधवारी संध्याकाळी आम्ही चौघे बसलो. मुलाचा आग्रह जुन्या आवृत्तीवर परतण्याचा होता. कंपनी ती देत नव्हती, पण इंटरनेटवर तिची फाइल सापडत होती. मी विरोध केला. पहिले कारण असे की अनोळखी जागेवरून घेतलेले फर्मवेअर घराच्या मुख्य दारावर बसवणे धोक्याचे आहे. दुसरे असे की वायफायच्या मूळ रचनेतील त्रुटी वेळोवेळी उघड होतात (२०१७ मधील क्रॅक, २०२१ मधील फ्रॅगअटॅक्स ही मोठी उदाहरणे) आणि त्यांच्या दुरुस्त्या फर्मवेअरमधूनच येतात; मागे गेलो तर त्या जातील. आणि बसवताना फाइल नाकारली गेली तर मुख्य नोडच निकामी होण्याची भीती होती.

संच विकून तीन बँडचा नवा घेणे हा सुनेचा पर्याय होता. तीन बँडच्या संचात बॅकहॉलला स्वतंत्र बँड मिळतो, पण तो बँडही ५ गिगाहर्ट्झमध्ये असेल तर रडारचा प्रश्न तसाच राहू शकतो, आणि खर्च बराच होता. जिन्यातील केबल भिंतीतून कायमची टाकणे हा माझ्या मते खरा उपाय होता. परंतु भिंत फोडावी लागेल या कल्पनेने आजोबा नाखूश होते. उरला सेटिंग बदलण्याचा मार्ग, ज्याला पैसे लागत नव्हते आणि जो उलटवता येत होता. तो आधी वापरायचा, एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर किमान एक दिवस पिंग चालू ठेवायचे, यावर एकमत झाले. जिन्यातील केबल तोवर राहणार होती, त्यामुळे सुनेला थांबण्याची किंमत मोजावी लागणार नव्हती. ती केबल नसती तर एका वेळी एकच बदल करण्याइतका धीर कोणालाच राहिला नसता, मलाही नाही.

कार्यवाही

पहिला बदल वरच्या नोडाच्या आवृत्तीचा होता. तळमजल्याचे आणि पहिल्या मजल्याचे नोड नव्या आवृत्तीवर आणि वरचा जुन्यावर, असे का झाले असावे, याचे उत्तर भिंतीवरच्या बोर्डात होते. सून काम संपल्यावर खोलीतले सगळे स्विच बंद करत असे. त्यात नोडाचाही होता. पहाटे अपडेट आले तेव्हा वरचा नोड झोपलेला होता, आणि तो दररोज पहाटे झोपलेलाच असे. शनिवारी ‘नंतर’ म्हटलेले अपडेट म्हणूनच कधी आले नाही. आम्ही ते बसवले. गुरुवारी दिवसभरात जोडणी दहा वेळा तुटली, म्हणजे संख्या कमी झाली नाही. पण प्रत्येक वेळचा खोळंबा साडेतीन मिनिटांवरून सव्वा मिनिटाच्या आसपास आला. चॅनल बदलल्याचा निरोप वरच्या नोडाला आता वेळेत समजत असावा. आवृत्त्यांची तफावत हे मूळ दुखणे नव्हते, पण ती दुखणे तिप्पट करत होती. दोन्ही बदल एकदम केले असते तर हे कळलेच नसते.

दुसरा बदल शुक्रवारी सकाळी : १६० मेगाहर्ट्झ बंद, रुंदी ८०, चॅनल ३६ वर पक्के. रुंदी कमी केल्याने वेग जाईल अशी मुलाला भीती होती. दोन अँटेनांच्या वायफाय ६ उपकरणाचा कागदावरचा वेग १६० वर सुमारे २४०० एमबीपीएस आणि ८० वर सुमारे १२०० असतो. आणि घरात येणारे इंटरनेट होते २०० चे. त्यांना जो वेग कधी मिळणारच नव्हता त्यासाठी ते बैठका गमावत होते. त्या दिवशी जोडणी एकदाही तुटली नाही, शनिवारीही नाही.

शनिवारी संध्याकाळी मात्र वरचा वेग बारा-पंधरा एमबीपीएसवर घसरला. ही चूक माझी होती. चॅनल ठरवण्यापूर्वी शेजाऱ्यांचे वायफाय कुठे आहेत हे मोबाइलवरच्या एका साध्या ॲपने पाहता आले असते. आजूबाजूच्या बहुतेक राउटरांनी ३६ ते ४८ हाच भाग धरलेला होता, आणि १४९ च्या बाजूला जवळजवळ कोणीच नव्हते. रविवारी १४९ वर गेलो आणि वेग पूर्वीसारखा झाला.

सौर स्टिक तरीही बंदच होती, आणि आता तिचे खापर रडारवर फोडता येत नव्हते. ती फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते, जेथे हा नियमच नाही. हे मला पहिल्या दिवशीच सुचायला हवे होते. सुरक्षेच्या पानावर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ या वायफाय सुरक्षेच्या जुन्या आणि नव्या पद्धतींचा मिश्र प्रकार निवडलेला दिसला. हा प्रकार जुन्या उपकरणांना सामावून घेईल अशी अपेक्षा असते, पण त्यासोबत येणारे व्यवस्थापन-संदेशांचे संरक्षण काही जुन्या, स्वस्त चिप्सना समजत नाही आणि त्या दारातूनच परत जातात. संपूर्ण घराची सुरक्षा एका स्टिकसाठी खाली आणण्याऐवजी आम्ही पाहुण्यांसाठीचे वेगळे नेटवर्क फक्त २.४ गिगाहर्ट्झवर आणि डब्ल्यूपीए२ ठेवून सुरू केले आणि स्टिक व जुना प्रिंटर तिकडे हलवले. स्टिक सात मिनिटांत बोलू लागली. पाहुण्यांच्या नेटवर्कवरून मुख्य नेटवर्कमधील उपकरणे दिसत नाहीत, त्यामुळे प्रिंटर लॅपटॉपना दिसेनासा झाला. तो पुढे यूएसबी तारेने जोडला गेला.

परिणाम

जिन्यातील तात्पुरती केबल दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस काढली. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत वरच्या खोलीतील बैठक दोनदा तुटली. एकदा वीज गेली तेव्हा, कारण ओएनटी आणि मुख्य नोड घरच्या बॅटरी इन्व्हर्टरवर होते पण पहिल्या मजल्याचा नोड नव्हता, आणि एकदा फायबर रस्त्याच्या खोदकामात तुटला तेव्हा. पहिल्या मजल्याचा नोड इन्व्हर्टरच्या प्लगवर हलवला गेला. वरच्या नोडाच्या स्विचवर नातवाने ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली.

ऑगस्टमध्ये आजोबांनीच भिंत न फोडता तार नेण्याचा मार्ग काढला. पूर्वीच्या केबल टीव्हीची तार गच्चीवरून तिन्ही मजल्यांत उतरत होती आणि तिची नळी अजून भिंतीत होती. जुनी तार ओढतानाच तिच्या टोकाला कॅट ६ बांधून ती आत घेतली. दोन्ही वरचे नोड आता तारेने जोडलेले आहेत आणि वरच्या खोलीत १८० एमबीपीएसच्या आसपास वेग मिळतो.

वेगळे काय करता आले असते

रीसेटपूर्वी दहा मिनिटे देऊन सेटिंगच्या सर्व पानांची आणि नोंदवहीची छायाचित्रे घेतली असती, तर रडारची नोंद शनिवारीच सापडली असती आणि निदान तीन दिवस वाचले असते. मदतकेंद्रानेही रीसेटआधी नोंदवही पाहण्यास सांगितले नाही. त्यांच्या ठरलेल्या प्रश्नावलीत ते नसावे.

आजोबांचे ‘माझ्याकडे चालतंय’ हे वाक्य वाद म्हणून न ऐकता निरीक्षण म्हणून ऐकले असते, तर इंटरनेट कंपनीला बोलावण्याची गरज पडली नसती. एकाच वेळी एका मजल्यावर चालते आणि दुसऱ्यावर नाही, म्हणजे दोष त्या दोन मजल्यांच्या मधे आहे, इतके ते उघड होते.

माझ्या बाजूने दोन गोष्टी राहिल्या. स्टिकची लक्षणे वेगळी असूनही मी ती त्याच पोत्यात भरली, आणि चॅनल ३६ न पाहता निवडले. रडारची नोंद सापडल्याचा आनंद इतका होता की पुढचे सगळे त्याच नजरेने दिसू लागले.

आपोआप अपडेट बंद करावे का, यावर अजूनही आमचे एकमत नाही. मुलाने ते बंद केले. मला तो निर्णय पटलेला नाही, कारण बंद केलेले अपडेट हाताने बसवण्याची आठवण घरात कोणालाच राहत नाही. तडजोड म्हणून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी, सुनेला सुट्टी असताना, तिन्ही नोड चालू आहेत हे पाहून अपडेट बसवायचे आणि त्याआधी सेटिंगच्या पानांची छायाचित्रे घ्यायची असे ठरले आहे. सप्टेंबरमध्ये पुढची आवृत्ती आली. ती बसवल्यावर छायाचित्रांशी पडताळून पाहिले, तेव्हा चॅनल १४९ वरच होते, सुरक्षा तशीच होती, आणि १६० मेगाहर्ट्झ पुन्हा सुरू झालेले होते.